रानडुक्कर, पंचवीस मीटर आणि पॉइंट बत्तीस: सोलापूरकडचं एक प्रकरण

मोहोळ तालुक्यातल्या एका बागायतदारांचा प्रश्न असा होता: शेतात येणाऱ्या रानडुकरांसाठी आणि पुतणीच्या नेमबाजीसाठी मिळून एकच हत्यार घ्यायचं, तर रिव्हॉल्व्हर कुठल्या बोअरचं, म्हणजे नळीच्या आतल्या कुठल्या मापाचं घ्यावं? मी सोलापुरात पिस्तूल नेमबाजी शिकवतो. हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्याकडे नेहमी येतो. पण बहुतेकांनी तोवर दुकानात जाऊन मन पक्कं केलेलं असतं, त्यांना फक्त कुणाचा तरी होकार हवा असतो. हे गृहस्थ मात्र काहीही ठरवण्याआधी आले. म्हणून प्रकरण पहिल्यापासून लिहून ठेवतो. नावं देत नाही. गावात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, आपणही तेच म्हणू.

आप्पांची जमीन सीना नदीच्या काठाला. खाली ऊस, उसाच्या कडेला मका, वरच्या रानात ज्वारी आणि तूर. डुकरं दिवसभर उसात दडून बसतात आणि अंधार पडला की मक्यात शिरतात. कणीस दुधात आलं की त्यांना आवरणं अवघड. खातात थोडं, मोडतात फार. आप्पांच्या वडिलांच्या वेळची बारा बोअरची एकनळी बंदूक घरात आहे, परवाना आता आप्पांच्या नावावर आहे. रात्री एका हातात बॅटरी धरून ती लांब बंदूक सांभाळायची आणि सरीतून चालायचं, हे आता त्यांना जमत नाही. कमरेला लावता येईल असं काहीतरी हवं, असं त्यांच्या मनात होतं.

पुतणी एकोणीस वर्षांची, सोलापुरात कॉलेजला. दहा मीटर एअर पिस्तूल मन लावून खेळते, हात शांत आहे. तिला आता पंचवीस मीटरला जायचं होतं आणि कुणीतरी तिच्या डोक्यात ‘सेंटर फायर’, म्हणजे बुडाच्या मधोमध टोपी असलेल्या काडतुसांची पिस्तूल स्पर्धा, भरवलं होतं. आप्पांनी दोन्ही गरजा एकत्र केल्या. “सर, हत्यार काय रोज घ्यायची गोष्ट नाही. एकदाच घ्यायचं, पण दोन्ही कामं झाली पाहिजेत बघा.” दुकानदारानं त्यांना .३२ इंच बोअरचं सुचवलं होतं. सगळे तेच घेतात, एवढंच त्यामागचं कारण.

कायद्याची चौकट

काडतुसाची तुलना करण्याआधी मी कायदा समोर ठेवला. ज्याला आपण शिकार म्हणतो, ती भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नंतर उरलेली नाही. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याबद्दल कलम ११ मध्ये सोय आहे. पण त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो, आणि त्यात कारणं नमूद असावी लागतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये आहे, त्यामुळे हा रस्ता त्याला लागू होतो. काळवीट अनुसूची एकमध्ये आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपासचे शेतकरी काळविटांच्या कळपांनी वैतागलेले असतात, त्यांचं दुःख मला कळतं. पण पिकाच्या कारणावरून काळविटावर गोळी झाडायची परवानगी कायद्यात नाहीच. परवानगीने मारलेलं डुक्करही सरकारी मालमत्ता ठरतं, मटणाचा वाटा कुणाच्याही घरी जात नाही. हे सांगावं लागतं, कारण गावात पुष्कळांचा समज उलटा असतो.

दुसरा कायदा शस्त्रांचा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा थेट उल्लेख आहे, आणि ती पुरेशी नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. संरक्षण किंवा खेळ यासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बंदूकही त्याच कलमात येते. पिकासाठी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, असं त्या कलमात कुठेही लिहिलेलं नाही. कायदा लिहिणाऱ्यांना शेत माहीत होतं, असं मला ते कलम वाचताना नेहमी वाटतं. हँडगनचा परवाना मिळतो तो वेगळ्या, सबळ कारणावर. सोलापूर शहरात तो अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. मोहोळ म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय.

बोअरची निवडही आपल्या हातात पूर्ण नसते. ९ मिमी, .३८, .४५५ हे बोअर सैन्य-पोलिसांचे म्हणून सामान्य परवानाधारकाला बंद. परदेशी हत्यारांची सर्वसाधारण आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून थांबलेली आहे, त्यामुळे .३५७ मॅग्नमसारखी जोरदार काडतुसाची हत्यारं जुन्या मालकांकडून, तीही चढ्या किमतीनेच फिरतात. हाताशी उरतं ते मुख्यतः सरकारी कारखान्यांचं .३२ चं रिव्हॉल्व्हर, .३२ चं पिस्तूल, आणि .२२. दुकानदार .३२ म्हणतो त्यामागे एवढंच आहे. उपलब्धता हे त्याचं कारण खरं आहे, पण त्यावरून ते कामाला पुरेल असं ठरत नाही.

काडतुसांचा हिशेब

आप्पा साखर कारखान्याच्या काट्यावरची पावती पैशापर्यंत तपासणारे गृहस्थ. त्यांना आकडे आवडतात, म्हणून मी आकडेच मांडले. गोळीचं वजन आणि वेग यावरून तिची ऊर्जा काढता येते: वजनाचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग. काडतुसाच्या डब्यावर वजन ग्रेनमध्ये असतं, एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम.

.३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस १८९६ सालचं. शिशाची ९८ ग्रेनची, म्हणजे साधारण ६.३५ ग्रॅमची गोळी सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास जाते. ऊर्जा येते दीडशे ज्यूलच्या घरात. .३२ एसीपी हे पिस्तुलाचं, १८९९ चं. गोळी हलकी, ७१ ग्रेन, वेग जास्त, ऊर्जा १७५ ज्यूलच्या आसपास. नाव दोन्हीकडे .३२, पण ही काडतुसं एकमेकांच्या जागी वापरायची नसतात. .२२ लाँग रायफल पिस्तुलातून शंभर-सव्वाशे ज्यूल देतं. अमेरिकेत हँडगनने हरीण किंवा डुक्कर मारणं अनेक राज्यांत कायदेशीर आहे. तिथले अनुभवी शिकारी .३५७ मॅग्नमला सुरुवातीची पायरी मानतात: १५८ ग्रेनची गोळी, सव्वासातशे ज्यूलच्या आसपास. .४४ मॅग्नम त्याच्या पुढचं, २४० ग्रेन आणि तेराशे ज्यूल. एवढं असूनही ते लोक दिवसाउजेडी, हात टेकवून, बहुधा पन्नास मीटरच्या आतच गोळी झाडतात, आणि प्राणी आडवा उभा राहीपर्यंत थांबतात.

आता हे सीनाकाठच्या मक्यात आणून बघा. रात्र, बॅटरीचा झोत, डुक्कर हलतंय, हातात दीडशे ज्यूल. ज्या कामाला तिकडे सातशेच्या खाली जायला माणसं बिचकतात, त्याच्या पाव ऊर्जाही इथे नाही. आणि आकड्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे गोळी कुठवर पोचते. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड, चिवट कवचासारखा थर असतो. नर एकमेकांशी झुंजतात तेव्हा सुळ्यांपासून तो त्यांना वाचवतो. मऊ शिशाची, गोल तोंडाची, सावकाश जाणारी गोळी त्या थरात आणि मांसात अडकते. काळीज-फुप्फुस तिच्या पलीकडेच राहतं.

मग काय होतं, यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ बोललो, आणि माझ्या दृष्टीने हा प्रकरणाचा गाभा आहे. जखमी डुक्कर शेत सोडून पळून जात नाही. ते जवळच्या दाट आडोशाला, म्हणजे उसात शिरतं. तिथे ते काही तास जगेल, काही दिवस जगेल, वेदनेत जगेल. आणि सकाळी त्या फडात आप्पा जाणार नसतात. तिथे कोयता घेऊन ऊसतोड मजूर शिरतात, त्यांच्यात बायका असतात, फडाच्या कडेला पोरं असतात. वाढलेल्या उसात दोन हातांपलीकडचं दिसत नाही. अर्धवट मारलेलं जनावर त्यांच्यावर चालून गेलं, तर त्याला जबाबदार गोळी झाडणारा असतो. जनावराला तडफडत सोडणं ही क्रूरता आहे, आणि तो धोका दुसऱ्याच्या माथी मारणं त्याहून वाईट. आप्पा हे ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “टोळी तर माझ्याच रानात उतरलेली असते.”

चुकलेल्या गोळीचंही तसंच. .२२ ची एवढीशी गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आपल्याकडे रान सपाट, मागे टेकाड नाही, आणि प्रत्येक मळ्यात एक वस्ती. बारा बोअरचे छर्रे त्यामानाने लवकर दम टाकतात, आणि जवळच्या अंतरावर त्यांची एकत्रित ऊर्जा दोन हजार ज्यूलच्या घरात असते. परवानगीने डुक्कर मारायचंच असेल, तर वडिलांची एकनळी कुठल्याही .३२ पेक्षा योग्य. तिची लांबी आप्पांना अडचण वाटत होती, पण लांब नळी आणि खांद्याला टेकलेला दस्ता यामुळेच तिचा नेम भरवशाचा आहे.

कमरेचं हत्यार आणि नेम

आखूड रिव्हॉल्व्हरने नेम का चुकतो, हे मी आप्पांना कागदावर आखून दाखवलं. सरकारी .३२ रिव्हॉल्व्हरची नळी तीन इंची. नेम धरायच्या मागच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंतचं अंतर बारा सेंटिमीटरच्या आत-बाहेर. माशी खाचेत एक मिलिमीटर जरी बाजूला सरकली, तरी पंचवीस मीटरवर गोळी वीसेक सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत बाजूला जाते. स्पर्धेच्या पिस्तुलाला हे अंतर बावीस सेंटिमीटरपर्यंत ठेवता येतं, तिथे तीच चूक निम्मी होते. पंचवीस मीटरच्या प्रिसिजन, म्हणजे सावकाश नेमाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ पाच सेंटिमीटर व्यासाचं. एवढ्यावरून आप्पांना कळलं की ज्या हत्याराने टार्गेटवरच दहा मिळणं मुश्कील, त्याने अंधारात डुकराचं काळीज गाठायचं स्वप्न बघू नये.

त्यात चापाचा जोर. घोडा न चढवता सरळ चाप ओढला तर रिव्हॉल्व्हरचा चाप कित्येक किलोंनी ओढावा लागतो. स्पर्धेत पंचवीस मीटरच्या पिस्तुलाला किमान एक किलोचा चाप चालतो. जड चाप ओढताना मनगट फिरतं, आणि झटक्याची धास्ती बसली की गोळी सुटायच्या आधीच हात दचकतो. नेमबाज त्याला जर्क म्हणतात. एकदा अंगात शिरला की निघता निघत नाही. ज्या मुलीचा एअर पिस्तुलावर शांत हात आहे, तिच्या हातात आधी तसलं रिव्हॉल्व्हर देणं मला पटलं नाही.

पुतणीसाठी काय

तिच्या डोक्यातलं सेंटर फायर खोटं नव्हतं. .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे जगभरच्या सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेचं आवडतं काडतूस आहे. नियमाने ७.६२ ते ९.६५ मिमी बोअर चालतं, त्यात वाल्थर आणि पार्दिनीसारख्या कंपन्या खास .३२ ची पिस्तुलं करतात. मात्र त्यात भरतात ते वॉडकटर. माझ्याकडे त्या काडतुसाचा एक निकामी नमुना आहे, तो मी तिच्या हातात दिला. साध्या काडतुसात गोळीचं गोल तोंड पितळी कोठीच्या बाहेर डोकावतं. इथे गोळी कोठीच्या तोंडाशी सपाट बसवलेली असते, वरून बघितलं तर शिशाची चकती. तिने अंगठा फिरवून बघितला, कडा कुठेच लागली नाही. या सपाट तोंडामुळे कागदावर काठ फाटत नाहीत, पंचने मारल्यासारखं गोल भोक पडतं. गोळी वर्तुळाच्या रेषेला शिवली की वरचा गुण मिळतो, त्यामुळे स्वच्छ भोकाला किंमत असते. वेग कमी, झटका हलका, नेम अचूक. डुकरासाठी हे काडतूस ज्या गुणांमुळे कुचकामी, त्याच गुणांमुळे टार्गेटवर उत्तम. जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत सेंटर फायरमध्ये ६०० पैकी ५९० गुण मिळवून जागतिक विक्रमाशी बरोबरी साधली आणि सुवर्ण जिंकलं. त्या स्पर्धेत ताकदीचा प्रश्नच नसतो, एकसारखेपणाचा असतो.

पण तिच्यासाठी एक गोष्ट निर्णायक होती. जागतिक अजिंक्यपदात सेंटर फायर पिस्तूल हा पुरुषांचा प्रकार आहे. महिलांची पंचवीस मीटर पिस्तूल स्पर्धा .२२ वर होते, आणि १९८४ च्या लॉस एंजेलिसपासून ती ऑलिम्पिकमध्ये आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात. तीस गोळ्या प्रिसिजनच्या, तीस रॅपिडच्या. रॅपिडमध्ये टार्गेट तीन सेकंद दिसतं आणि सात सेकंद जातं. त्या तीन सेकंदांत हात खालून वर आणायचा, माशी खाचेत बसवायची आणि एकच गोळी सोडायची. अशा खेळाला कमी झटक्याचं, स्वस्त, भरपूर झाडता येईल असं काडतूस लागतं. .२२ हे तिन्ही बाबतीत पुढे आहे. ते रिमफायर. पेटवणारं मिश्रण त्याच्या बुडाच्या कडेत भरलेलं असतं, मध्ये टोपी नसते. म्हणून .२२ चं हत्यार रिकामं असताना उगाच चाप ओढायचा नाही. पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळून ती दबण्याची भीती असते. घरी कोरडा, म्हणजे काहीही न झाडता सराव करायचा, तर ज्या एअर पिस्तुलात त्याची सोय असते, त्यावर. तिला ही सूचना मी वहीत लिहून घ्यायला लावली.

परवान्याचा मुद्दा यात मिसळलेला होता. आप्पांना वाटत होतं, हत्यार माझ्या नावावर, पुतणी वापरेल. परवाना माणसाला मिळतो, कुटुंबाला नाही. आप्पांचं रिव्हॉल्व्हर तिने एकटीने रेंजवर नेलं, तर दोघंही गुन्ह्यात. शिवाय एकवीस वर्षांखाली सर्वसाधारण परवाना मिळत नाही. नेमबाजांसाठी २०१६ च्या शस्त्र नियमांत वेगळी वाट आहे, ती रायफल क्लब आणि राज्य संघटनेमार्फत जाते. परवान्यावर काडतुसांचा आकडाही लिहिलेला असतो, आणि स्वसंरक्षणाच्या परवान्यावरचा आकडा रोजच्या सरावाला अजिबात पुरत नाही. खेळाडूंना वेगळी मुभा मिळते ती याच कारणाने.

काय ठरलं

आप्पांनी रिव्हॉल्व्हरचा अर्ज केला नाही. कायद्याने त्यांना दुसरं हत्यार घेता आलं असतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतरही दोन हत्यारांपर्यंत मुभा आहे. पण त्यांनी स्वतःच सांगितलं की आता घेतलं तर ते दाखवण्यापुरतंच होईल. मला त्यांचा हा शब्द फार मोलाचा वाटला. घरात निष्कारण ठेवलेलं रिव्हॉल्व्हर रागाच्या भरात, नैराश्यात किंवा पोराच्या हातात काय करून बसतं, हे सांगायला आकडेवारी लागत नाही.

जुनी एकनळी त्यांनी परवानाधारक कारागिराकडून तपासून घेतली. घोड्याची कमान सैल झाली होती, ती बदलली. जुनी, ओल लागलेली काडतुसं बाजूला काढली, ती झाडून संपवू नका असं मी बजावलं होतं. वनविभागाकडे नुकसानीचा पंचनामा आणि भरपाईचा अर्ज रीतसर केला, सोबत परवानगीचाही. आणि उसा-मक्याच्या मधल्या बांधाला सोलरचं झटका मशीन लावलं. मेनची लाईट थेट तारेत सोडू नका, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यात डुकरं मरतात तशी माणसंही मरतात, आणि तो सरळ गुन्हा आहे. झटका मशीनच्या तारेखालचं गवत कापत राहावं लागतं, नाहीतर करंट जमिनीत उतरतो. हे काम आता आप्पांचा सालगडी करतो. कडेच्या मक्याचं नुकसान या हंगामात बरंच कमी झालं, पूर्ण थांबलेलं नाही. परवानगीचा आदेश हे लिहीपर्यंत हातात आलेला नाही, आणि तोवर बंदूक कपाटातच आहे.

पुतणी क्लबच्या .२२ पिस्तुलावर सुरुवात करते आहे. सोलापुरात पंचवीस मीटरचा सराव नियमित जमत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला, बालेवाडीच्या रेंजवर. स्वतःचं पिस्तूल इतक्यात नाही. आधी राज्य स्पर्धेत पात्रतेचा गुण, मग संघटनेचं पत्र, मग अर्ज, असा क्रम आम्ही ठरवला आहे. तिचा पहिला प्रिसिजनचा कागद मी पाहिला. गोळ्या डावीकडे खाली जमल्या होत्या, पण एका तळहाताखाली झाकल्या जातील इतक्या जवळ. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या डावीकडे खाली गेल्या, की बहुतेक वेळा चाप सरळ मागे येत नसतो, बोटाबरोबर मनगट ढकललं जात असतं. पुढचे काही आठवडे ती फक्त पांढऱ्या कोऱ्या कागदावर गोळ्या झाडणार आहे, वर्तुळ नाही, गुण नाही. बोट सुधारलं की टार्गेट परत लावू.